आईसाठी एक पुडी

धाकटे,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत बसत नाही. फोनवर तू रडत सुटतेस, म्हणून हे पत्र.

भाऊचा रक्ताचा कॅन्सर उलटला. तू दिलेला हाडातला मगज चांगला रुजला होता, तरी उलटला. "माझंच रक्त वाईट" म्हणून गळा काढणं आधी बंद कर.

डॉक्टरीणबाईंना मी खडसावूनच विचारलं. त्या म्हणाल्या, उरलेल्या रोगट पेशी बारीक बारीक पुड्या सोडतात. पुडीत चिठ्ठीसारखं काहीतरी असतं, मायक्रोआरएनए म्हणे. शेजारच्या चांगल्या पेशी ती खरी मानतात आणि आपलं काम टाकून रोगाची चाकरी करतात.

भाऊ लगेच म्हणाला, "धाकटीचाच मगज तो! कुणी गोड बोललं की भुलला." हसला, आणि मग कितीतरी वेळ नुसता धापा टाकत पडला.

त्या पुड्या अडवायचं औषध अजून निघालेलं नाही. एरवी उभ्या उभ्या बोलणाऱ्या बाई आज खुर्ची ओढून बसल्या. तेव्हाच मी समजले.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला सांग, भाऊ पोटभर जेवतो, शांत झोपतो. ही पुडी माझी.

तू मात्र मिळेल त्या गाडीने निघ.

तुझी,
ताई