बिनहॉर्नचं बेट

मॉरिशस,
शनिवार, १३ ऑगस्ट १९९४

ती. आनंददादांना धाकट्या रत्नपालचा सविनय जयभीम. वहिनींनाही सांगा.

तुमचं पत्र बारा दिवसांनी पोचलं. वहिनींचा गुडघा आता बरा आहे हे वाचून बरं वाटलं. मीही मजेत आहे. डाव्या हाताला थोडं खरचटलंय, पण विशेष नाही. इथली कापडमिल नवी कोरी आहे. इंदूरच्या आपल्या मिलला टाळं लागून दोन वर्षं होऊन गेली, तरी मागांचा आवाज आला की पाय आपोआप खात्याकडे वळतात. मग आठवतं, इथे मला कामगारांच्या व्हॅनवर ठेवलंय.

रस्ते कसे आहेत, असं तुम्ही विचारलंत. दादा, काय सांगू! एका अंगाला डोक्याच्या वर गेलेला ऊस, दुसऱ्या अंगाला काळ्या दगडाची भिंत, आणि मधल्या फटीतून समोरून बस येते. साइडपट्टी नावाची चीज नाही, कडेला थेट खोल गटार. बसवाले वळणावरच ओव्हरटेक करतात, आणि तेही मुकाट्याने! हॉर्न म्हणून कोणी वाजवत नाही. हात वर करतात, मान हलवतात, वाट देतात. हॉर्न फक्त जिवावर बेतलं तर. पहिल्या आठवड्यात माझ्या हॉर्नमुळे व्हॅनमधल्या बायका कानांवर हात ठेवून बसायच्या. मानपूरच्या घाटात तुम्ही मला शिकवलंत, वळण आलं की आधी हॉर्न, मग ब्रेक. तो हात इथे येऊन गप्प बसतो थोडाच? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

आता खरं लिहितो. तीन दिवस हे पत्र इथपर्यंत येऊन अडतंय.

दहा-बारा दिवसांपूर्वी सकाळच्या पाळीच्या बायकांना घेऊन चढ चढत होतो. पुढे एक म्हातारा सायकलवर, मागे उसाच्या पाल्याचा भारा. रस्ता मोकळा, तो आपल्या कडेने नीट चाललेला. तरी मी हॉर्न दिला. चांगला लांबलचक. आपण नाही का म्हशीलाही देतो, राजवाड्यावर उभ्या हातगाडीलाही देतो, नुसतं ‘येतोय बरं का’ म्हणून? त्या माणसाला वाटलं, काळच आला. त्याने सायकलसकट गटारात उडी घेतली. मांडीचं हाड मोडलं. मी त्यांना गटारातून उचलून व्हॅनमधूनच दवाखान्यात नेलं. हात तेव्हाच खरचटला.

शामकाका त्यांचं नाव. पणजोबा बिहारहून आलेले, म्हणून माझं हिंदी त्यांना समजतं. शुद्धीवर आल्यावर माझा हात धरून म्हणाले, “बेटा, तू हारन न बजाता तो हम मर जाते. सामने से लारी आवत रही ना?”

लारी नव्हती, दादा. काहीच नव्हतं. पण उशाशी त्यांची सून हात जोडून उभी होती आणि मी हो म्हणून मान हलवली.

त्या मानेने घात केला. काकांच्या जबाबावरून पोलिसांनी त्या सकाळी तिकडून गेलेली उसाची लारी शोधून काढली. चौकशी होईपर्यंत तिच्या ड्रायव्हरला घरी बसवलंय. परवा बाजारात दिसला. टाळं लागल्यावर आपल्या मिलच्या गेटसमोर माणसं बसायची, तसा दुकानाच्या पायरीवर बसला होता. आणि इकडे शामकाकांची सून मला पपया पाठवते, गावातले लोक नमस्कार करतात. मला लाज वाटते.

आपल्याच मिलमधला उदयसिंह इथे सुपरवायझर आहे. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “अरे भिया, कशाला फालतूच्या लफड्यात पडतोस? बुढ्ढा खुश, मालक खुश. तू चुपचाप गाडी चालव ना यार!”

मला काहीच उमगत नाही. हॉर्न वाजवणं गुन्हा असेल तर अख्खं इंदूर आत जाईल. मी धडक दिली नाही, पळालो नाही. मग घास का उतरत नाही? सांगितलं तर परवाना जाईल, कंपनी घरी पाठवेल. डिसेंबरात जया आमच्या लेकीला घेऊन इथे यायची आहे. संबोधी तर शाळाभर सांगून बसलीय. न सांगितलं तर तो माणूस पायरीवर बसून राहतो. तुम्हाला विचारावं म्हटलं, तर तुम्ही काय म्हणाल ते मला आधीच ठाऊक आहे. म्हणूनच पत्र अडत होतं.

उद्या शामकाकांकडे जेवायला बोलावलंय. ताटावर बसण्याआधी त्यांना सांगणार आहे. त्यांनी बस म्हटलं तर जेवेन, ऊठ म्हटलं तर उठेन, आणि तिथून पोलिसांत जाईन. हे पत्र मिळेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं असेल. तुम्ही छत्रीबागेत आमच्या घरी जा आणि जयाला समोर बसवून सांगा, की डिसेंबरची तयारी करू नकोस. संबोधीला मात्र काही सांगू नका. तिला मी येऊन सांगेन.

आजच्या दिवसापुरता ड्रायव्हर, तुमचा भाऊ,
रत्नपाल