खळ्यावरची मॅच

बाई, काल आपल्या शाळेत धाराशिवच्या मुली बास्केटबॉल खेळायला आल्या आणि तुमची फार आठवण झाली. आता इथं सिमेंटचं मैदान आहे आणि मुलींना शिकवणारी मी आहे. तुमच्या वेळी मैदानच नव्हतं. मळणीयंत्र आल्यापासून रिकामं पडलेलं एका आजीचं खळं तुम्ही मागून घेतलंत आणि दोन टोकांना खांब रोवलेत. घरोघरी मात्र एकच ऐकू यायचं, "पोरी चेंडू बडवून काय करणार? एक तरी मॅच दाखवा, न्हायतर बास झालं."

म्हणून धाराशिवचा संघ बोलावलात. आणि त्या सकाळी आजीनं काय करावं? पाहुणे येणार म्हणून शेजारणी गोळा करून अख्खं खळं शेणानं सारवलं, वर रांगोळी! पाहुण्या मुलींनी चेंडू आपटला, तो थप्पकन तिथंच बसला. त्या हसल्या. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तुम्ही मात्र शांत. "ऊन येऊ द्या सर, वाळेल," एवढंच त्यांच्या सरांना म्हणालात.

वाळलं. पाहुण्या पांढऱ्या बुटांत पुढं सरसावतात, तर आजी आडवी. "खळ्यावर पायताण घालून कुणी येतं व्हय? लक्ष्मी हाय ती." सर म्हणाले, "बुटाशिवाय आमच्या मुली खेळणार नाहीत." मॅच गेली आणि आपला संघही गेला, असं मी धरूनच चालले होते. तेवढ्यात त्यांची कॅप्टन खाली बसते, नाड्या सोडते आणि खळ्याला हात लावून कपाळाशी नेते. मग दुसरी, मग सगळ्या. शेवटी सरसुद्धा. पुढं कितीतरी सामने पाहिले, पण तसं काही पुन्हा पाहिलं नाही. आम्ही सपाटून हरलो आणि गाव टाळ्या वाजवत राहिलं. त्यानंतर कुणी 'बास' म्हणालं नाही.

कालच्या मुलींना घेऊन तीच कॅप्टन आली होती, ती आता तिकडं शिकवते. मैदानाच्या कडेला तिच्या मुली थांबल्या, बूट काढले, सिमेंटला हात लावला. भर दुपार होती. 'बूट घाला गं' म्हणणं माझं काम होतं, पण ते काही मी केलं नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही, कपाटातच राहील. तुम्हाला म्हणून सांगते, मीही चपला काढून उभी होते. पाय लई भाजले, बाई.