दोन बोटं कमी

२ मे, सकाळ
उद्यापासून तीन दिवस अख्खं खानदान आमच्याकडे. अकरा माणसं, एक बाथरूम. माझी खोली काका-काकूंना देऊन टाकली, मला न विचारता. आईला म्हटलं, मला प्रायव्हसी लागते. ती म्हणाली, आधी ब्रश घे आणि बाथरूम घास. घासलं नाही. निषेध म्हणून.

२ मे, दुपार
घासलं. बाबा आले होते.

पण पंखे यंदा पुसणार नाही म्हणजे नाही. आमच्या घरचा कायदा असा: आजोबा सुतार. सगळे जमले की स्वयंपाकघराच्या चौकटीला एकेका नातवंडाला उभं करतात, डोक्यावर गुण्या, म्हणजे त्यांची काटकोनी पट्टी, टेकवतात आणि कानावरची पेन्सिल काढून खूण करतात. जो सगळ्यात उंच, त्याने दुसऱ्या दिवशी घरातले सगळे पंखे पुसायचे, माळा आवरायचा. तीन वर्षं तो गाढव मीच. चुलतभाऊ, म्हणजे बांबू, गेल्या वर्षी माझ्यापेक्षा बोटभरच कमी होता. आरामात सोफ्यावर लोळत होता.

३ मे, दुपारी ३
प्लॅन तयार. ढगळ पायजमा, आत गुडघे किंचित वाकलेले. हे खोटं बोलणं नव्हे. देवालाही तसं सांगून ठेवलंय. तोंडाला विचारलं तर खरं सांगेन. गुडघ्यांना कोण विचारतो?

सहा तारखेला सगळे कटतील. आजोबा काकांबरोबर जाणार, धाकटी बहीण शिबिराला, आई-बाबा कामावर. मग दहा दिवस घर माझं. कुणाचं तोंड बघणार नाही.

३ मे, संध्याकाळी ७
प्लॅन यशस्वी. जरा जास्तच. बांबू उंच ठरला, पण माझी खूण गेल्या वर्षीच्या खुणेच्या दोन बोटं खाली आली.

आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा मोजलं. मीही इमानदारीत पुन्हा तेवढाच वाकलो. आजोबा म्हणाले, ओलं लाकूड वाळताना आकसतं, पण हे पोरगं तर अजून ओलंच आहे. काका म्हणाले, मोबाइल. काकू म्हणाली, पाणी पीत नाही. आईचा चेहरा रडवेला. बाबा म्हणाले, वाढायच्या कामातसुद्धा आळस!

धाकटी माझ्या गुडघ्यांकडे बघत होती. गप्प बसायची किंमत: तिच्या वाटणीची भांडी.

४ मे
बांबू पंखे पुसतोय. वरून मला बुटक्या म्हणतो. शिडी मी धरली आहे, पण ते काम नव्हे, देखरेख. पाच वेळा भांडी घासली. दिवसभर वाकून चालल्याने मांड्या भरून आल्या. आत्या आज आली. शाळेत व्यायाम शिकवते. मला पाहून म्हणाली, अरे देवा, याची तर चालही बिघडलीय.

खरं सांगून टाकावं का? मग पंखेही माझे आणि बाबाही. नको. उद्यापर्यंत विसरतील. या घरात माझा वाढदिवस लक्षात राहत नाही.

५ मे
नाही विसरले. आत्या मला घेऊन जाणार. सुट्टी संपेपर्यंत. रोज पहाटे साडेपाचला मैदान. तिने म्हणे कितीतरी पोरं ताणून सरळ केलीत. माझे दहा दिवस गेले. मी तोंड उघडलं, आता सांगूनच टाकतो म्हणून. तेवढ्यात आईने डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, बरा हो रे बाबा, मला दुसरं काही नको. तोंड मिटलं.

आजोबांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि हसले. नातू आकसलाय आणि यांना हसू येतंय.

६ मे, आत्याचं घर
प्रवासभर बघितलं, वाकायला कुणी सांगितलेलं नसतानाही मी वाकूनच बसलो होतो.

आल्या आल्या आत्याला आजोबांचा फोन. वाढीसाठी वर हात ताणायचा एक व्यायाम त्यांनी सुचवलाय. गुडघे सरळ ठेवून करायचा, असं दोनदा बजावलंय. आत्याने फडकं आणि शिडी आणून दिली.

घरात सहा पंखे. तिच्या शाळेच्या हॉलमध्ये अठरा.