गवती चहाचं तीर्थ

१६ जून २००८, सोमवार

आले बाई एकदाची गुडगावात! निघताना आईने इतक्या सूचना दिल्या, जणू मी लंकेत चाललेय. इथे तर मजा आहे. सातव्या मजल्यावर कोरा करकरीत फ्लॅट, नळांवर अजून रंगाचे शिंतोडे, आणि बाल्कनीतून बघावं तिकडे क्रेनच क्रेन. राघवने पडदे उलटे लावले. मी हसले तर नवरोबा म्हणतात, बाहेरच्यांना सुलटे दिसतात!

उद्या मानेसरला रुजू व्हायचं, कंपनीची बस आहे. आईला वाटतं मी अत्तरं बनवते. खरं काम असं: गवती चहाचं तेल पाण्यात इतकं बारीक फोडायचं की थेंब दिसताच कामा नये, आणि ते कॅन्सरच्या पेशींवर घालून बघायचं. नॅनोइमल्शन म्हणतात त्याला. तेल असून पाण्यासारखं नितळ.

वरच्या मजल्यावर चक्क मराठी घर निघालं. कुमुदताई. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात जन्म काढला, रिटायर होऊन इथे आल्या. डोक्याला रुमाल, छातीच्या कॅन्सरची केमो चालू आहे. तरी डबाभर साबुदाणा वडे घेऊन आल्या. मी हादडले, आणि खाता खाता माझं काम काय ते सांगून टाकलं.

५ जुलै, शनिवार

जमलं! बाटलीच्या तळाला चिकटून वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशी सुटल्या, वर तरंगल्या आणि मेल्या. आमचे बॉस विक्रांत सर, त्यांनी पेढे मागवले.

कुमुदताईंना सांगितल्याशिवाय मला राहवेना. त्यांनी माझा हातच धरला. म्हणाल्या, पोरी, गवती चहाच ना तो, जन्मभर प्यायलो, त्याने काय होतंय? मी म्हटलं, माणसाला द्यायच्या आधी वर्षानुवर्षं तपासावं लागतं. त्या रडायला लागल्या. केमोने तोंड आलंय, पाणीसुद्धा झोंबतं म्हणाल्या. मला ते बघवेना.

एक बाटली आणेन म्हणाले. राघवला बोलले नाही.

२८ जुलै, सोमवार

कुमुदताईंच्या तोंडाला चव आली, दुखणं थांबलं, अंग हलकं वाटतंय म्हणतात. बिल्डिंगभर मला डॉक्टरीणबाई म्हणून मिरवतात. मीही फुशारले, खोटं कशाला बोलू. बाटल्या नेऊन देतेच आहे.

आज कळलं की त्यांनी केमो बंद केली. पुन्हा सुरू करा म्हणून सांगायला वर गेले. पण त्या इतक्या खुशीत होत्या की म्हटलं, उद्या बोलू.

१३ ऑगस्ट, बुधवार

धडधाकट पेशींवरही तेच इमल्शन घातलं होतं. आज त्यांनीही तळ सोडला. उशिरा, पण सोडला. आणि त्या मेल्या नाहीत. एकमेकींपासून सुटून नुसत्या तरंगताहेत, जिवंत. तळ सुटला की पेशी मरतेच, असं कधी होत नाही. विक्रांत सर म्हणाले, थोडं थांबून बघू यार, अभी किसी से मत बोलना.

घरी न जाता आधी वर गेले. सांगायलाच गेले होते, देवाशपथ! कुमुदताईंनी दारातच मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली. म्हणाल्या, माझ्या देवमाणसाला कुणाची नजर नको लागायला.

मी तशीच खाली आले. भित्री मेली.

२४ ऑगस्ट, रविवार

बरं वाटल्याबद्दल कुमुदताईंनी सत्यनारायण घातला. आसपासची सगळी मराठी मंडळी, पोराबाळांसकट. तीर्थ त्या स्वतःच पळीने देत होत्या. मी हातावर घेतलं, प्यायले, आणि जिभेला गवती चहा लागला.

त्या हसून सगळ्यांना म्हणाल्या, हे आमच्या डॉक्टरीणबाईंचं औषध, मी एकटीनेच का प्यावं, सगळ्यांचं भलं होऊ दे! लोकांनी पुन्हा मागून घेतलं. राघवनेही.

तेव्हाच ओरडायला हवं होतं. सगळे इतक्या कौतुकाने बघत होते माझ्याकडे. मी प्रसादाचा शिरा खाल्ला.

२७ ऑगस्ट

बुटाची लेस बांधताना राघवचं नख निघालं. रक्त नाही. दुखलंही नाही म्हणे. हसला, अंग हलकं वाटतंय म्हणाला.

वर गेले. कुमुदताई पोळ्या लाटत होत्या. हाताची कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटून पोळपाटावर पडली. त्यांनी ती बाजूला सारली आणि पुढची पोळी घेतली. वर मला आशीर्वाद.

नाही सांगू शकले. आता सांगून तरी — 

३० ऑगस्ट

दाराबाहेर रिकाम्या बाटल्या. सगळ्यांना आणखी हवंय. घाबरत कुणीच नाही, फक्त मी.

राघव अंथरुणातून उठत नाही. उशीवर कान — त्याचा — सुटलेला. तो मजेत बोलतोय. मी ठेवून आले — नको, ते लिहायला नको.

विक्रांत सर फोन उचलत नाहीत.

३१ ऑगस्ट

माझीही नखं. दुखत नाही. दुखायला हवं ना?

बेल वाजतेय. कुमुदताईच. आवाज त्यांचाच, पण दाराखालच्या फटीतून येतोय. सुखी राहा पोरी, म्हणतात. मागे बाकीचेही. सगळे आभारच मानताहेत. शिव्या द्या ना कुणीतरी!

सांगते. आता सांगतेच. तोंड उघडलं — दात हातात आले — जीभ —

बोलता येत नाही. इथेच लिहिते, पान फाडून फटीतून सरकवते. अंगठा टिकतोय तोवर —

कुमुदताई, मला माहीत होतं. तुम्ही दृष्ट काढलीत त्या दिवशीच माहीत होतं. गप्प बसले, कारण तुम्ही मला