करड्या मादीची अंडी

अप्पा,

तुम्ही गेलात त्या वयाची मी आता झाले, आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला एक अक्षर लिहिलं नाही. लिहायला तुम्हीच शिकवलंत, ठाण्याच्या घरी, कचेरीतून आल्यावर, आईला ते फारसं पसंत नसताना. त्या कचेरीत दुसऱ्यांच्या अर्जांच्या नकला करता करता तुमची नजर अधू झाली आणि एक दिवस काम सोडून तुम्ही डोंबिवलीजवळ आपल्या भातशेतावर राहायला गेलात. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबानं आपल्या बंगल्यातली हंसांची दोन जोडपी तुम्हाला दिली, तिथून सगळं सुरू झालं. गावातली माणसं त्यांना मोठी बदकंच म्हणायची. नातेवाईक म्हणायचे, एवढा चांगला कारकून, पाखरांच्या नादी लागला. तुम्ही हसायचात आणि कोंडा भिजवायला बसायचात.

थंडीतल्या तिथल्या सकाळी मला अजून दिसतात. भात कापून झालेलं असतं, खाडीकडून धुकं येतं, आणि हंस एकामागे एक बांधावरून तळ्याकडे निघतात. मागे तुम्ही, हातात काठी. ती तुम्ही कधी कुणावर उगारलेली मी पाहिली नाही. म्हैस तुम्हाला बघून हंबरते. घरात बसूनही कोणता हंस ओरडतोय हे तुम्हाला आवाजावरून कळायचं. आई चुलीपुढून म्हणायची की माणसांचे आवाज एवढे ओळखले असते तर बरं झालं असतं.

साहेबाच्या जोडप्यांत एक पांढरं होतं, एक करडं. तुम्हाला तिसरंच हवं होतं: अंग सगळं पांढरं आणि खांद्यांवरून पाठीवर करडा पट्टा, शाल घेतल्यासारखा. कुणाची कुणाशी जोडी लावायची हे ठरवण्यात तुमचे दिवसच्या दिवस जायचे. पिल्लांना पिसं आली की मनासारखी ठेवायची आणि बाकीची टोपलीत घालून कल्याणच्या बाजारात. ती टोपली बांधताना तुमचा हात कधी अडला नाही. मला तोवर पाच ठिकाणी दाखवून झालं होतं आणि पाचही ठिकाणी रंगावरून नकार आला होता. त्याबद्दल तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. तरी टोपली बाहेर निघाली की मी आत जाऊन बसायची. सहाव्या ठिकाणी, कल्याणला, जमलं.

पहिल्या बाळंतपणाला मी तुमच्याकडे आले त्या वर्षी तुम्ही ठरवलंत, करड्या रंगानं सगळं बिघडतंय. त्या एकुलत्या करड्या मादीची अंडी यंदा बसवायची नाहीत, स्वयंपाकाला घ्यायची. ती बिचारी खुडूक होऊन रिकाम्या पेंढ्यावर बसून राहिली. मी पोट सांभाळत रोज तिच्यासमोर जाऊन उभी राहायची. ती मान लांब करून फिस्कारायची, पण उठायची नाही. चौथ्या दिवशी मला ते बघवेना. तुम्ही तळ्यावर गेला होतात, आई विहिरीवर. कोठीच्या खोलीत कोंड्यात ठेवलेल्या तिच्या अंड्यांतली दोन मी घेतली, खूण म्हणून काजळाचा ठिपका लावला आणि नुकत्याच बसलेल्या पांढऱ्या मादीच्या पोटाखाली सरकवली. तिनं माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. आईनं विचारलं तेव्हा मी विळीचं नाव सांगितलं.

दोन आठवड्यांनी मुलगी झाली. मिठागरावरच्या वस्तीतली सुईण तिला पुसता पुसता म्हणाली, "काली हाय त काय झाला, पोर चांगली हाय." मी विचारलेलंही नव्हतं. बाराव्या दिवशी कल्याणहून सासूबाई आल्या. त्यांनी कुंची सारून बघितलं आणि म्हणाल्या, रंगावर आजोळी गेली. त्यापुढे बारशात त्या फारशा बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही बाळाला माझ्या कुशीतून उचललंत, अंगणात उन्हाला नेलंत आणि डोळ्यांजवळ धरून इकडून तिकडून न्याहाळायला लागलात. पिल्लं तुम्ही अशीच बघायचात. माझ्या अंगाची आग झाली. मी दारात येऊन सगळ्यांच्या देखत म्हणाले, "अप्पा, हिलाही टोपलीत घालणार का?"

आई जागच्या जागी थांबली. तुम्ही माझ्याकडे वळलात, चिडला नाहीत. म्हणालात, "डोळे पिवळे आहेत का बघतोय. तुला जन्मल्यावर कावीळ झाली होती. कचेरीत न जाता अकरा दिवस मी तुला असाच उन्हात घेऊन बसलो होतो."

मी माफीसुद्धा मागितली नाही. तुम्ही बाळाला परत माझ्या हातात दिलंत आणि तळ्याकडे निघून गेलात. पुढच्या बाजाराला टोपली खाली काढली गेली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आईनं दोनदा विचारलं, तुम्ही म्हैस लंगडते आहे असं काहीतरी सांगितलंत. त्यानंतर तुम्ही हंस विकले नाहीत ते शेवटपर्यंत.

अंगणातल्या त्या सकाळनंतर दोन दिवसांनी अंडी फुटली. तुम्ही मला हाक मारलीत म्हणून मी शाल गुंडाळून गेले. काजळाचं एक अंडं न फुटताच राहिलं होतं. दुसऱ्याच्या टरफलावरचा ठिपका मी ओळखला. त्याच्याजवळ ओलं पिल्लू होतं, पिवळं, पाठीवर मळकट डाग असलेलं. टरफल आणि ते न फुटलेलं अंडं मी पदराखाली घेतलं. तीन महिन्यांनी मी सासरी निघाले तेव्हा त्या पिल्लाला पिसं आली होती: अंग पांढरं स्वच्छ आणि खांद्यांवर करडी शाल. तुम्ही त्याला हातात घेऊन अंगणभर फिरलात. ठाण्याहून तुमचे जुने सोबती बघायला आले. त्यांना तुम्ही सांगितलंत की करडं बाजूला काढलं म्हणूनच हे साधलं. मी चहा घेऊन उभी होते. चहा दिला आणि आत गेले.

चार वर्षांनी तुम्ही तापात पडलात. मी उशाशी होते. दुपारी तुम्ही शुद्धीवर आलात आणि पुन्हा तेच सांगू लागलात, कुठली मादी, कुठला नर, कसं जमलं. त्या वेळी बोलायला हवं होतं. खोलीत आपण दोघंच होतो आणि तुम्ही ऐकण्याच्या स्थितीत होतात. कदाचित हसलाही असतात. मी म्हटलं, "हो अप्पा," आणि कपाळावरची पट्टी बदलली. तुम्ही गेल्यावर आईनं हंस खाडीपलीकडच्या एका शेतकऱ्याला देऊन टाकले. मी अडवलं नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. तुमची ती नात, जिला तुम्ही उन्हात धरलं होतंत, मोठी झाली, शहाणी निघाली, चांगल्या घरी पडली. तिच्या रंगावरून तिला मी कधी कुणाला बोलू दिलं नाही; सासूबाईंशी त्यापायी दोन वर्षं अबोला धरला. गेल्या महिन्यात ती बाळंत झाली, माझ्याच घरी. फार अडली होती, सुईणीनं आशा सोडली होती. आतून रडण्याचा आवाज आला तशी मी धावले. लेक डोळे मिटून पडली होती. ती कशी आहे हे विचारण्याआधी मी दुपटं बाजूला करून रंग पाहिला.

मुलगा गोरा आहे, अप्पा. आणि मला आनंद झाला.