ओळखीचे चेहरे

१२ मार्च

प्रिय धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून कोंबडीचे पायच. इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो बदलून घेतला. आईचे पाय सुजलेत, पण भूक आहे. फोन न करता लिहितेय, कारण फोनवर काही बोललं की तुझी डबी ऐकते आणि आईच्या कानावर घालते.

डबी म्हणजे तू बसवून घेतलेला तो स्पीकर. सोबत दारावर कॅमेरा, खोलीत कॅमेरा, आपोआप लागणारं कुलूप. "ताई, आता तू सुटलीस," म्हणाला होतास. कसली सुटका! पहिल्याच आठवड्यात तुझा फोन, "कॅमेऱ्याने कळवलंय, तू आईवर आवाज चढवलास." तिने गादीवर पुन्हा चहा सांडला होता. चादरी कोण धुतं, ते कॅमेरा कळवत नाही वाटतं? वर्षभर अशी माझी हजेरी घेतलीस. मग तुला कंटाळा आला आणि सगळा कारभार माझ्या मोबाइलवर टाकून मोकळा झालास.

डबी मात्र हुशार हो. तू हौसेने तिला तुझा आवाज दिलास. आधी नुसतं "आई, गोळी घेतलीस का?" एवढंच यायचं. आता दिवसभर गप्पा मारते. आईने तीच गोष्ट दहादा सांगितली तरी दहादा "मग काय झालं?" विचारते. मीटिंग आहे, नंतर करतो, असलं काही नाही. आई तिला धाकट्याच म्हणते. परवा शेजारणीला कौतुकाने सांगत होती, "मुलगा माझा घरीच असतो, कुठे जात नाही." मी मध्ये पडले नाही. ती खुशीत असली की दोन घास जास्त जातात.

तू लिहिलंयस, इतक्या वर्षांनी आलो आणि आईने दारातून हाकललं, एवढा कसला राग धरलाय तिने? राग नाही रे बाबा. काय झालं ते सांगते.

तू बेल वाजवलीस. आईने विचारलं, "धाकट्या, दारात कोण आहे रे?" डबीने कॅमेऱ्यातून तुला पाहिलं. दाढी, टक्कल, सुटलेलं पोट, हातात बॅग. आणि तुझ्याच आवाजात म्हणाली, "अनोळखी माणूस आहे, आई. दार उघडू नकोस." तू बाहेरून ओरडत होतास, "आई, अगं मी आलोय!" आई हसली. डबीला म्हणाली, "ऐकलंस का? मेला तुझी नक्कल करतोय." मग तुला हाकललं.

बसवायला आलेल्या मेकॅनिकने विचारलं होतं, ओळखीच्या चेहऱ्यांत कोणाकोणाला घालू? माझा घातला, कामवाल्या बाईंचा, डॉक्टरांचा, अगदी दूधवाल्याचासुद्धा. तू फोनवर म्हणालास, "माझा कशाला? मी काय परका आहे?" आता बोंबलून काय उपयोग?

हे सगळं मला शब्दन् शब्द कसं माहीत, असं विचारशील. मी बाजारात आहे, असा निरोप मीच पाठवला होता ना तुला. नव्हते गेले. स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. माझ्या एका शब्दाने दार उघडलं असतं. तू थापा मारल्यास, लाथ घातलीस, मग पायरीवर बसून लहान मुलासारखा रडलास. मी मोबाइलवर सगळं बघत होते. वाईट वाटलं का? नाही. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? वर्षभर तू मला बघितलंस, एक दुपार मी तुला बघितलं.

आता तू हात जोडतोयस, ताई, माझा फोटो त्यात घाल, रविवारी येतो, शेवटचं भेटू दे. डॉक्टरांनी तुलाही सांगितलंय म्हणायचं. हो, खरं आहे. हा महिना निघेलसं दिसत नाही.

फोटो मिळाला. पण माझ्या एकटीच्या मनाने कसं ठरवायचं? घर आईचं. म्हणून आज सकाळी तिला चष्मा लावून दिला आणि फोटो समोर धरला. कोण आहे ते सांगितलं नाही. नुसतं विचारलं, "याला घरात घ्यायचं का?"

बराच वेळ बघत राहिली. तुझ्या कपाळावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता ओळखते की काय! मग तिने मान वळवली आणि विचारलं, "धाकट्या, तुला काय वाटतं रे?"

"नको, आई," तू म्हणालास. "दारावर लाथा मारणारा हाच तो."

"बरं, तू म्हणशील तसं," ती म्हणाली आणि फोटो माझ्या हातात दिला. तो सोबत परत पाठवतेय. रविवारचं तिकीट रद्द कर.

आईजवळ असलेली,
ताई