माळ्यावरच्या ओल्या फळ्या सोडून बाकी सर्व

मी, खाली सही करणारी, धंद्याने सुतार, वय अडुसष्ट, पूर्ण शुद्धीवर असून, कोणीही भरीला घातले नसताना, उलट घरच्यांनी "कशाला हे अभद्र!" म्हणून अडवले असताना, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय करावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. याआधी असा कागद मी केलेला नाही. मी भानावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे.

वकिलांची भाषा इथपर्यंत पुरे. हे माझ्या धाकट्या भावानं वाचायला हवं, आणि अवघड भाषा दिसली की तो पान उलटतो.

१. दुकान. वडिलांनी ते आम्हा दोघांना अर्धं अर्धं दिलं. माझा अर्धा हिस्सा भावाला द्यावा. अट एकच, त्यानं ते उघडावं. माझ्या ऑपरेशनचं ठरलं त्या दिवसापासून त्यानं दुकानाला कुलूप ठोकलंय आणि घरी भिंतीकडे तोंड करून बसलाय. भावजय सांगते की ताटावर बसतो नि दोन घास चिवडून उठतो. मला माझ्या ऑपरेशनची नाही एवढी काळजी त्या कुलपाची आहे.

आम्हाला न ओळखणाऱ्यांसाठी सांगते. गिऱ्हाइकानं काहीही मागितलं की भाऊ म्हणायचा, "होईल की!" आणि मी आतून ओरडायची, "नाही व्हायचं!" सगळ्या रस्त्यानं त्याचं नाव होईलभाऊ ठेवलं आणि माझं नन्नाताई. आशावादी कोण नि निराशावादी कोण, हे शेंबडं पोरही सांगेल असं सगळे धरून चालले. मीही.

२. हत्यारं. रंधे, करवती, पटाश्या सगळ्या भावाच्याच. वडिलांचा काटकोन तपासायचा गुण्या मात्र भाचीला द्यावा. ती सुतारकाम करत नाही, पण तिच्या घरातला एकही फोटो सरळ टांगलेला नाही, आणि आत्या म्हणून मला ते बघवत नाही.

३. मी राहते त्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि बँकेतलं जे काही असेल ते भावजयीला. भावाच्या हाती देऊ नये. उद्या कोणी येऊन म्हणेल, "थोडे दिवसांसाठी द्याल का?" आणि हा म्हणेल, "होईल की." भावजय चांगली खमकी आहे. या घरात आली तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "तुझं याच्याशी पटायचं नाही." तिनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "ताई, तुमच्याशी पटलं म्हणजे झालं." त्या दिवसापासून ती मला फार आवडते. हे तिला कधी सांगितलं नाही, म्हणून इथं लिहिते.

४. शेजारच्या काचवाल्याला काही नाही. तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणाले. तो म्हणाला, "मग मला साक्षीदार नाही व्हायचं, मला तुझं उंच स्टूल दे." स्टूल मिळणार नाही. सही मुकाट्यानं करायची.

५. जिन्यातल्या कपाटाबद्दल. हे प्रकरण अजून माझ्या डोक्यात आहे, म्हणून निकाल लावते. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकेनं भिंतभर कपाट मागितलं. भाऊ म्हणाला, "होईल की!" मी म्हटलं, "अरे, आधी जिना माप." तो म्हणाला, "ताई, तुला सगळीकडे आडकाठीच दिसते." कपाट दुसऱ्या मजल्याच्या वळणावर असं अडकलं की वर जाईना नि खाली येईना. आम्ही त्याची पाठची फळी काढली. मग बिल्डिंगमधली माणसं दारातून आत शिरून पाठीतून बाहेर पडू लागली, आणि हा पठ्ठ्या दार धरून उभा! "या, या, डोकं सांभाळा." त्याही अवस्थेत दोन जणांकडून नव्या कपाटांच्या ऑर्डरी घेतल्या.

ते अडकणार हे मला माहीत होतं. म्हणून मी ते सरसानं चिकटवलंच नव्हतं, नुसते स्क्रू लावले होते. दुसऱ्या दिवशी खोललं, वर नेलं, जोडलं. आजही तिथं उभं आहे. मात्र "होईल" म्हणणारा नसता तर ते कपाट झालंच नसतं, हेही खरं. मी एकटी असते तर जन्मभर लोकांना परत पाठवत बसले असते. सबब, या प्रकरणाचा राग मी आज सोडून देत आहे. जिना मापायचा असतो, एवढं त्यानं कबूल करावं.

६. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुढं ठेवला. मी म्हटलं, "बरं. तारीख कुठली?" भाऊ मात्र परत येताना आमची गल्ली मागे पडली तरी चालतच राहिला, मी हाताला धरून वळवला. वाईट बातमीसाठी मी जन्मभर एक खुर्ची तयार ठेवली होती, आली तशी तिला बसवलं. त्याच्याकडे तशी खुर्चीच नव्हती. बिचारा स्वतःच मटकन खाली बसला. सोन्या, यात तुझी चूक नाही. तुला सवय नव्हती, इतकंच.

७. शेवटचं. दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वखारीत गेले आणि सागाच्या जाड फळ्या घेतल्या, ओल्या. वखारवाला म्हणाला, "ताई, नीट वाळायला तीन वर्षं तरी लागतील." मी म्हटलं, "मला धंदा शिकवू नकोस." माझ्याकडच्या किल्लीनं दुकान उघडून हमालांकडून त्या माळ्यावर रचून घेतल्या, हवा खेळायला मध्ये पट्ट्या घालून. भावजयीनं बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ताई, जन्मभर नाही नाही म्हणत आलात, आणि आता तीन वर्षांचं लाकूड भरून ठेवलंत? मग तुमच्यात आशावादी कोण, ते एकदा सांगाच मला." आजवर ओलं आधीच आणून ठेवून मी वाळलेलं लाकूड कधी संपू दिलं नाही आणि भावानं ओलं कधी विकत आणलं नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

तरी, वर लिहिलेल्या वाटणीतून या फळ्या वगळल्या आहेत. त्या कोणालाही द्यायच्या नाहीत. त्या मला लागणार आहेत. मी दवाखान्यात असेपर्यंत भावानं माळ्यावर चढून त्या अधूनमधून उलटाव्यात. दुकान उघडल्याशिवाय माळ्यावर जाता येत नाही, हे त्याला माहीत आहे.

मागाहून: वरचा मजकूर भावजयीनं काल त्याला वाचून दाखवला. आज सकाळी कुलूप निघाल्याचा आवाज मी वरच्या खोलीत ऐकला. खाली येते तर हा माळ्यावर, धुळीनं माखलेला, आणि ओरडतोय, "ताई! फळ्यांमधल्या पट्ट्या कोणी लावल्या? एक सरळ नाही! असं नाही चालायचं, सगळ्या वाकड्या होतील!"

माझ्या भावाच्या तोंडून "नाही चालायचं" मी पहिल्यांदाच ऐकलं. मी खालून म्हटलं, "तू लाव सरळ, होईल की!"

मग वरून पट्ट्या ठोकल्याचा आवाज आला.

सही: मोठी बहीण (नन्नाताई)

साक्षीदार: १. शेजारचा काचवाला (स्टुलावरचा हक्क सोडून)
२. डॉक्टरीणबाई

तारीख: ऑपरेशनच्या आधीचा रविवार
ठिकाण: आमचं दुकान, दार उघडं.